सरवा, पाखर आणि ओटी : रूथची गोष्ट मोठ्यानं वाचताना

बायबलच्या जुन्या करारातलं रूथचं पुस्तक चार अध्यायांचं आहे. एकूण ८५ वचनं. घाई न करता मोठ्यानं वाचलं तर वीस-पंचवीस मिनिटांत संपतं. तरीही ते वाचताना बिघडतं, आणि बहुतेक वेळा एकाच कारणानं बिघडतं. वाचणारा पहिल्या ओळीपासून गहिवरलेला आवाज लावतो.

या गोष्टीत रडणं फक्त दोनदा येतं. दोन्ही वेळा पहिल्याच अध्यायात, नवव्या आणि चौदाव्या वचनात. पुढच्या तीन अध्यायांत कुणाच्याही डोळ्याला पाणी येत नाही. गोष्टीचा खरा भाव आहे रितेपणाचा. ते रितेपण हळूहळू भरत जातं आणि भरतं ते धान्यानं, मापून दिलेल्या धान्यानं. म्हणून विदर्भातल्या गावात ही गोष्ट वाचणं मला सोपं वाटतं. वावर, सोंगणी, सरवा, खळं, राशीजवळची जागल यांतलं काही इथं समजावून सांगावं लागत नाही. शेत कापून झाल्यावर मागं राहिलेली कणसं वेचणं याला मराठी पवित्र शास्त्रानंही आपलाच शब्द वापरला आहे, सरवा. कापसाची उलंगवाडी झाल्यावर दुसऱ्याच्या वावरात उरलीसुरली बोंडं शोधणारी बाई ज्यांनी पाहिली आहे, त्यांना रूथ कुठं उभी आहे हे लगेच कळतं.

एक शब्द मात्र आधीच सांगून टाका. मराठीत पीक 'सातू' म्हणून येतं आणि ऐकणाऱ्याला डब्यातलं सातूचं पीठ आठवतं. इथं सातू म्हणजे जव. गव्हाच्या आधी हाताशी येणारं, गरिबाच्या भाकरीचं धान्य.

पहिली पाच वचनं कोरडी वाचा. त्यांत दुष्काळ आहे, गाव सोडून जाणं आहे, दहा वर्षं आहेत आणि तीन मरणं आहेत. नामीचा नवरा अलीमलेख, तिचे मुलगे महलोन आणि खिल्योन. हिब्रू लेखक इथं एकही विशेषण खर्च करत नाही. कुणी कशानं मेलं तेही सांगत नाही. बेथलेहेम या नावाचा अर्थ 'भाकरीचं घर'. भाकरीच्या घरात भाकर उरली नाही म्हणून ही माणसं मृत समुद्राच्या पलीकडं मवाबात गेली. हा अर्थ वाचण्यापूर्वी एका वाक्यात सांगितला की पुरे. ज्या गावात घरचा कर्ता माणूस अकाली गेलेली घरं आहेत, आणि यवतमाळ-अमरावतीकडं अशी गावं थोडी नाहीत, तिथं ही पाच वचनं रंगवून वाचणं हा ऐकणाऱ्यांवर अन्याय आहे. त्यांना त्यातलं सगळं माहीत असतं. समोर बसलेल्या एखाद्या बाईकडं बघून तर मुळीच वाचू नका.

पुढं नामी बेथलेहेमला परत निघते तेव्हाचा वाटेवरचा प्रसंग येतो. नामी दोन्ही मवाबी सुनांना, अर्पा आणि रूथ यांना, म्हणते, आपापल्या आईच्या घरी जा. हिब्रूत शब्द 'आईचं घर' असाच आहे, बापाचं घर नाही. आपल्याकडं त्याला सरळ माहेर म्हणा. या अध्यायात 'परत फिरणं' याचं क्रियापद बारा वेळा येतं. कधी बेथलेहेमला परत, कधी मवाबात परत. गंमत अशी की अध्यायाच्या शेवटी रूथही 'परत आली' असं लिहिलं आहे, जिनं बेथलेहेम कधी पाहिलंच नव्हतं. भाषांतर करताना काही जण वाक्य नीट व्हावं म्हणून हे पुन्हापुन्हा येणारं क्रियापद बदलतात. बदलू नये. परत, परत, परत असा तो शब्द कानावर आदळला पाहिजे, कारण अध्यायातली ओढाताण त्याच्यातच आहे.

अर्पा परत जाते. इथं वाचणाऱ्याचा आवाज हटकून खालचा पडतो, जणू तिनं काही वाईट केलं. मूळात तिच्याबद्दल एकही वाईट शब्द नाही. सासूनं जा म्हटलं, ती रडली, सासूचा मुका घेतला आणि गेली. तिला कमी लेखलं की रूथ उगाच उंच होते आणि गोष्ट 'चांगली सून, वाईट सून' अशी होऊन बसते. सुनेला धडा द्यायला ही गोष्ट वापरणाऱ्यांची सुरुवात इथूनच होते.

मग रूथचं ते प्रसिद्ध बोलणं. हिब्रूत सासूला 'तू' म्हणण्यावाचून पर्याय नाही, तिथं एकाच बाईसाठी आदराचं वेगळं रूप नसतं. पण वऱ्हाडात सून सासूला तू म्हणणार नाही. घरच्या बोलीत ते साधारण असं उतरेल :

"मले मांगं फिर म्हनू नोका. तुमी जिथं जासान तिथं मी येईन, तुमी जिथं राहासान तिथं मी राहीन. तुमचे लोक थे माहे लोक, तुमचा देव थो माहा देव. तुमी जिथं मरसान तिथं मी बी मरीन, अन् तिथंच माही माती होईन."

'तुझे लोक माझे लोक, तुझा देव माझा देव' हे मूळात चारच शब्दांत आहे आणि त्यात क्रियापद नाही. वाचताना लांबवू नका. लग्नाच्या पत्रिकांवर हे वाक्य प्रेमाचं म्हणून छापतात, पण ते रस्त्यात उभ्या असलेल्या एका विधवेनं दुसऱ्या विधवेला म्हटलेलं आहे. त्यात मरणाचा आणि मातीचाही करार आहे. आवाज जितका साधा, तितकं ते जड लागतं.

आणि यानंतर, अठराव्या वचनात, नामी काय करते? काहीच नाही. रूथचा निश्चय पाहून ती तिच्याशी बोलणं थांबवते, एवढंच लिहिलं आहे. मिठी नाही, आशीर्वाद नाही, 'बरं झालं' असंही नाही. पुस्तकातली ही सगळ्यात अवघड जागा आहे आणि वाचणारे ती धावत ओलांडतात. इथं थांबा. चार-पाच श्वास जाऊ द्या. ऐकणाऱ्याला त्या दोघींच्या मधलं अंतर कळू द्या, कारण पुढचं सगळं पुस्तक ते अंतर मिटवण्यात जातं.

बेथलेहेमात पोचल्यावर सगळं गाव हलतं. बाया विचारतात, ही नामी का? नामी या नावात गोडवा आहे, आणि ती म्हणते मला नामी म्हणू नका, मारा म्हणा. मारा म्हणजे कडू. भरलेली गेले होते, परमेश्वरानं मला रिकामी परत आणलं. हे ती बोलते तेव्हा रूथ शेजारीच उभी आहे. 'रिकामी' म्हणताना सासूला शेजारची सून दिसत नाही. दुःखात माणसाचं असंच होतं आणि लेखक त्यावर तिला एका शब्दानं बोलत नाही. हे वाक्य ओरडून वाचणारे चुकतात, कारण ओरडणाऱ्यात जोर असतो आणि नामीत तो उरलेला नाही. मूळ हिब्रूतला 'रेकाम' म्हणजे रिकामी हा शब्द लक्षात ठेवा. पुस्तकात तो आणखी एकदाच येणार आहे.

आता दुसरा अध्याय, जिथं रेंगाळायलाच हवं.

सरवा ही दया नव्हती, तो हक्क होता. लेवीय आणि अनुवाद या पुस्तकांत नियम स्पष्ट आहे : शेताचे कोपरे पूर्ण कापायचे नाहीत, पडलेलं उचलायचं नाही, विसरलेली पेंढी परत आणायला जायचं नाही. ते परदेशी, अनाथ आणि विधवा यांचं. नंतर यहुदी शास्त्रींनी मिश्ना या आपल्या नियमसंग्रहात याची मापंही बसवली. कोपरा शेताच्या एक-साठांशाहून कमी सोडायचा नाही. कापणाऱ्याच्या हातून एका वेळी एक-दोन कणसं पडली तर ती गरिबाची, तीन पडली तर मालकाची. ही मापं रूथच्या काळानंतर पुष्कळ वर्षांनी लिहिली गेली, पण सरव्याचं जग किती बारीक मोजलेलं होतं ते त्यांवरून कळतं. दोन कणसं आणि तीन कणसं यांच्या मधल्या फटीत माणसं जगत होती.

रूथ यांतल्या दोन हक्कांत बसते, विधवा आणि परदेशी. पण हक्क असणं आणि वावरात पाऊल टाकणं यांत अंतर असतं, हे धुऱ्यावर उभं राहून परवानगी मागणाऱ्या कुणालाही माहीत आहे. या अध्यायात सतत एक भीती वाहते. ती जिथं सरवा वेचते त्या वावराचा मालक, अलीमलेखाचा नातलग बवाज, गड्यांना बजावतो, हिला हात लावू नका. नामी संध्याकाळी म्हणते, दुसऱ्याच्या वावरात गेलीस तर कुणी अंगावर येईल. लेखक तिला 'मवाबी' म्हणणं सोडत नाही, आणि मुकादमही तिचं नाव न सांगता 'मवाबातून आलेली पोरगी' एवढंच सांगतो. ही भीती वाचताना गाळली की बवाजचा चांगुलपणा नुसता गोड होतो. त्या भीतीच्या पार्श्वभूमीवरच तो चांगुलपणा दिसतो.

बवाजच्या बोलण्यातलं एक वाक्य सहज निसटतं. तहान लागली तर गड्यांनी भरून ठेवलेल्या भांड्यातलं पाणी पी. परक्या जातीच्या बाईला कामकऱ्यांच्या भांड्यातलं पाणी. याचा अर्थ विदर्भातल्या गावात कुणाला फोड करून सांगावा लागत नाही. फक्त वाक्य संपल्यावर क्षणभर थांबा.

रूथ जमिनीला तोंड लावून म्हणते, मी परकी असताना तुम्ही माझी ओळख का ठेवलीत? हिब्रूत 'ओळखणं' आणि 'परकी' हे दोन शब्द सारख्याच अक्षरांचे आहेत. बहुतेक भाषांत हा खेळ हरवतो. मराठीत आपोआप जमतो : मी अनोळखी, मला ओळख कशी दिलीत? भाषांतर करणाऱ्यांनी ही संधी सोडू नये.

मग जेवणाची वेळ. चौदावं वचन. बवाज म्हणतो, इकडं ये, भाकर घे, तुकडा आंबेत बुडव. आंब म्हणजे इथं द्राक्षाचा सिरका, उन्हात काम करणाऱ्यांचं कालवण. ती कापणाऱ्यांच्या शेजारी बसते. मालक स्वतःच्या हातानं तिला भाजलेलं धान्य देतो. आपल्याकडं गव्हाच्या ओंब्या किंवा ज्वारीचा हुरडा भाजून हातावर चोळून देतात, तसंच ते ताज्या पिकाचं भाजलेलं धान्य. ती खाते, पोट भरतं, आणि उरतं. ती उरलेलं बाजूला ठेवते. चार वचनांनंतर, संध्याकाळी, ते उरलेलं ती नामीच्या पुढं काढते. 'माझं पोट भरल्यावर उरलं होतं ते.' दुष्काळानं सुरू झालेल्या गोष्टीत 'उरलं' हा शब्द पहिल्यांदा येतो तो इथं. पदरात बांधून आणलेला तो मूठभर हुरडा सासूच्या पुढं येतो आणि त्यांच्यातलं अंतर पहिल्यांदा कमी होतं. या वचनावर घाई करणाऱ्यानं रूथ वाचली असं मी म्हणणार नाही.

दरम्यान बवाज गड्यांना सांगून ठेवतो, पेंढ्यांतून मुद्दाम काही ताटं ओढून खाली टाका. रूथ संध्याकाळपर्यंत वेचते, काठीनं बडवते आणि जव निघतात एक एफा. हे माप साधारण २२ लिटरचं. जवाचं वजन धरलं तर तेरा-चौदा किलो, म्हणजे क्विंटलच्या पोत्याचा जवळजवळ सातवा हिस्सा. एका बाईनं एका दिवसात सरव्यातून एवढं आणलं तर कुणीही विचारेल, आज कुठं होतीस? नामीही तेच विचारते. इस्राएल लोकांना रानात रोज मिळणाऱ्या मान्ना या अन्नाचं माप आठवा. एका माणसाला रोज एक ओमर, आणि दहा ओमरचा एक एफा. त्या हिशेबानं दोन बायांची पाच दिवसांची भाकर एका दिवसात घरी आली. ऐकणाऱ्यांना हा हिशेब तोंडी सांगा. नामीच्या तोंडून आशीर्वाद का फुटतो हे त्याशिवाय समजत नाही. पहिल्या अध्यायात देवाला दोष देणारी बाई इथं म्हणते, त्यानं जिवंतांवरची आणि मेलेल्यांवरची माया सोडली नाही. मूळ शब्द 'हेसेद'. पुस्तकात तीनदाच येतो. दया म्हटलं तर वरून खाली दिल्यासारखं वाटतं. मला 'माया' जास्त जवळचा वाटतो, कारण त्यात नातं धरून ठेवणं आहे.

तिसरा अध्याय रात्रीचा, खळ्यावरचा. संध्याकाळी वारा सुटतो तेव्हा उपणणी होते आणि रास तयार झाली की मालक राशीशेजारीच झोपतो. चोरापासून राखण हे कारण आपल्याकडंही तेच. नामीच्या सांगण्यावरून रूथ रात्री तिथं बवाजकडं जाते. दोन चुका इथं होतात. काही जण हा प्रसंग चोरट्या हसण्याच्या सुरात वाचतात. काही जण त्याला इतकं सोवळं करतात की धोकाच उरत नाही. दोन्ही नको. मध्यरात्री माणूस दचकतो, वळतो, पायाशी बाई. 'कोण तू?' त्या अंधारात रूथ जे म्हणते ते तिच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं धाडस आहे. दिवसा लोकांनी पाहिलं तर ती संपली. आवाज खाली ठेवा आणि वाक्यं तोडून वाचा.

ती म्हणते, तुमचा 'कानाफ' माझ्यावर पसरा, म्हणजे माझ्याशी लग्न करा. कानाफ म्हणजे पंख, आणि वस्त्राचा काठही. दुसऱ्या अध्यायात बवाजनंच म्हटलं होतं, तू इस्राएलच्या देवाच्या पंखांखाली आसरा घ्यायला आलीस. आता ती तोच शब्द त्याच्यापुढं ठेवते. देवाचं नाव घेऊन जे बोललात ते करा. मराठीत दोन ठिकाणी दोन शब्द घातले, एकदा पंख आणि एकदा वस्त्र, की हा धागा तुटतो. आपल्याकडं 'पाखर' हा शब्द आहे. पाखर घालणं. तो पक्ष्यालाही चालतो, पांघरुणालाही, मायेलाही. दोन्ही जागी पाखर ठेवा, काही समजवावं लागणार नाही.

पहाटे, माणूस माणसाला ओळखू येण्याआधी, बवाज म्हणतो, अंगावरचं वस्त्र धर. ती धरते आणि तो सहा मापं जव मोजून ओततो. कुठलं माप ते लिहिलेलं नाही. सहा एफा म्हटलं तर ऐंशी किलोच्या आसपास जातं, ते एका बाईच्या वस्त्रात मावत नाही. सेआ या लहान मापाचे सहा धरले तर दोन एफा, सत्तावीस-अठ्ठावीस किलो, म्हणजे जड, पण नेता येण्यासारखं. आकड्याच्या वादात अडकू नका. चित्र बघा. पसरलेलं वस्त्र, त्यात ओतलं जाणारं धान्य. आपल्या बायांना इथं ओटीच दिसते. आपल्याकडं विधवेची ओटी भरत नाहीत, ही रीत आता कुठं कुठं मोडू लागली आहे. या गोष्टीत विधवेची ओटी भरली जाते आणि तीही दुसऱ्या विधवेसाठी. कारण रूथ घरी जाऊन सांगते, ते म्हणाले, सासूकडं रिकामी जाऊ नकोस. रिकामी. तोच 'रेकाम'. पहिल्या अध्यायात नामीनं वेशीपाशी उच्चारलेला शब्द इथं परत येतो, आणि या वेळी धान्यासह. दोन्ही ठिकाणी 'रिकामी' असाच शब्द एकाच सुरात उच्चारला तर ऐकणाऱ्याच्या मनात तो आपोआप जुळतो.

चौथा अध्याय झपाट्यानं वाचा. तो वेशीतल्या पंचायतीचा आहे. दहा वडीलधारे, जमिनीचा व्यवहार, आणि मेलेल्या नातलगाची जमीन सोडवून घेण्याचा पहिला हक्क असलेला जवळचा हक्कदार, ज्याचं नावही लेखक देत नाही. हिब्रूतला 'पेलोनी अल्मोनी' म्हणजे आपला अमका-तमका. तो आधी जमीन घेतो म्हणतो, जमिनीबरोबर रूथलाही करून घ्यावं लागेल हे ऐकल्यावर माझं वतन बिघडेल म्हणून मागं सरतो आणि पायातलं पायताण काढून देतो. इथला सूर कोरडा, कागदपत्रांचा. भावनेला जागा नाही आणि तसंच असायला हवं, नाहीतर पुढचं वजन हलकं होतं.

लग्न, गर्भ, मुलगा हे सगळं एकाच तेराव्या वचनात उरकतं. मग गावातल्या बाया बोलतात, त्याच ज्या पहिल्या अध्यायात 'ही नामी का?' म्हणाल्या होत्या. त्या नामीला म्हणतात, तुझ्यावर प्रेम करणारी तुझी सून, सात मुलांपेक्षा तुला बरी, तिनं याला जन्म दिला. 'प्रेम करणं' हे क्रियापद अख्ख्या पुस्तकात एकदाच येतं, आणि ते इथं येतं. बवाज-रूथबद्दल नाही, सून-सासूबद्दल, आणि तेही शेजारणींच्या तोंडून. याआधी कुठंही तुमच्या आवाजात प्रेमाचं गाणं आलं असेल, तर हा शब्द वाया गेला म्हणून समजा.

नामी आणि रूथ दोघीही या अध्यायात एक शब्द बोलत नाहीत. नामी फक्त बाळ उचलते आणि कुशीत घेते. 'बाळ' यासाठी मूळात जो शब्द आहे, 'येलेद', तोच पहिल्या अध्यायात तिच्या मेलेल्या, लग्न झालेल्या मुलांसाठी वापरला होता. वयानं मोठ्या माणसांना तो सहसा लावत नाहीत. दोन येलेद गेले, एक येलेद कुशीत आला. शेजारणी म्हणतात नामीला मुलगा झाला, आणि नावही त्याच ठेवतात, ओबेद.

गोष्ट खरं तर सतराव्या वचनाशीच संपते, तिथंच ओबेदाचा नातू, पुढं राजा झालेला दावीद, याचं नाव येऊन जातं. उरलेली पाच वचनं म्हणजे पेरेसपासून दावीदापर्यंत दहा नावं. त्यांना नामीच्या कुशीच्या सुरात वाचू नका, ती यादी आहे. बैठकीत एखादं लहान पोर असेल तर ती त्याला वाचायला द्या. अडखळलं तरी चालेल.